लग्नाला चालतील अशी गाणी

आमच्या घरात कुणाचे लग्न ठरले की हॉल आणि आचारी यांच्या पाठोपाठ मला फोन येतो, कारण मंगलाष्टके लिहून द्यायचे काम माझ्याकडे आहे. शाळेत जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. त्यामुळे शार्दूलविक्रीडिताचे 'म स ज स त त ग' मला झोपेतही मोजता येते. एकोणीस अक्षरांच्या ओळीत दोन्हीकडची आडनावे, आजीआजोबांची नावे आणि कुलदैवत बसवणे ही कारागिरी आहे, काव्य नव्हे, हे मी आधीच सांगून टाकते. पण एक पथ्य कधी मोडले नाही. मंगलाष्टकात तुटणे, सरणे, विझणे असे शब्द येऊ द्यायचे नाहीत. 'दुःख सरो' असेसुद्धा नाही. दुःख सरले तरी तो शब्द अक्षता पडताना कानावर कशाला?

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीच्या नातीचे लग्न ठरले. ही मुलगी पुण्यात जपानी शिकली, नोकरीसाठी टोकियोला गेली आणि तिथल्याच एका मुलाशी तिचे जमले. लग्न पुण्यात वैदिक पद्धतीने आणि रिसेप्शन टोकियोत, असा बेत होता. मंगलाष्टके मी दिलीच. पण आठ दिवसांनी तिची आणखी एक यादी आली. "आजी, रिसेप्शनला ही गाणी वाजवायची आहेत. सगळी अ‍ॅनिमेतली आहेत. प्रत्येकाखाली अर्थ लिहिलाय. अशुभ काही नाही ना, तेवढं बघून दे. इथे पण ते फार बघतात."

तेव्हा माझ्या मनात जे आले ते लिहायला आज थोडा संकोच वाटतो. लग्नात कार्टूनची गाणी? मी हे बोलले नाही, पण बहिणीने बोलून दाखवले. तिला कार्टूनचे विशेष काही वाटले नव्हते. ती अडली होती यादीतल्या शेवटच्या गाण्यापाशी. त्याचा अर्थ वाचून ती म्हणाली, "यात मुलगी म्हणते की मी त्या रस्त्याने परत येणार नाही. हे माझ्यासमोर वाजवणार का?" त्यानंतर दोन आठवडे आजी-नातीचे फोन नेहमीपेक्षा लवकर आटोपू लागले. मध्ये मी. मग मला जमते तेच मी केले. या गाण्यांचा, आणि जपानी लग्नातल्या गाण्यांचा, इतिहास वाचायला बसले.

जपानी लोक शब्दांचे शुभाशुभ पाहतात हे पोरीने सांगितले होते, पण ते किती, याची कल्पना नव्हती. लग्नात न उच्चारायच्या शब्दांना तिकडे 'इमिकोतोबा' म्हणतात, म्हणजे वर्ज्य शब्द. कापणे, तुटणे, वेगळे होणे, संपणे हे तर आलेच. 'परत जाणे'सुद्धा वर्ज्य, कारण नवरी परत जाते ती माहेरी. आणखी गंमत म्हणजे 'पुन्हा पुन्हा', 'वारंवार' असे जोडशब्दही चालत नाहीत, कारण लग्न पुन्हा होऊ नये. रिसेप्शनमध्ये केक कापतात, पण 'कापतात' म्हणत नाहीत. त्याला 'न्यूतो' म्हणतात, म्हणजे सुरीचा प्रवेश. आणि समारंभ संपला की सूत्रधार 'संपला' असे म्हणत नाही, तो 'ओहिराकी' म्हणतो, म्हणजे चक्क 'उघडणे'. हे वाचून मी एकटीच हसले. आपण तरी काय करतो? नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद होत नाही, तेही वाढवतात. आणि उंबऱ्यावरून कुणी 'जातो' म्हणाले तर माझी आई 'येतो म्हण' असे म्हणेपर्यंत त्याला सोडत नसे.

आता गाण्यांकडे वळते. जपानी लग्नातले सर्वांत जुने आणि मानाचे गाणे म्हणजे 'ताकासागो'. हे नो नाटकातले पद आहे. नाटक झेआमीचे, म्हणजे साधारण सहाशे वर्षांपूर्वीचे. कथा अशी : क्यूशू बेटावरचा आसो देवस्थानाचा पुजारी राजधानीकडे निघालेला असतो. वाटेत ताकासागोच्या किनाऱ्यावर त्याला एक म्हातारा आणि म्हातारी पाइन वृक्षाखालच्या सुया झाडताना दिसतात. पुजारी विचारतो, ताकासागोचा पाइन आणि सुमियोशीचा पाइन ही जोडपी झाडे म्हणतात, पण ती तर एकमेकांपासून इतकी लांब आहेत, मग जोडपी कशी? म्हातारी सांगते, आमचेच पाहा ना. हा सुमियोशीचा, मी इथली. मध्ये समुद्र आहे, पण मने जातात-येतात. ती दोघे म्हणजे त्या झाडांचेच आत्मे असतात.

एदो काळात या नाटकातले एक पद लग्नात गाण्याची चाल पडली. आधी सामुरायांच्या घरी, मग व्यापारी-कारागिरांच्या. पण कोणते पद? मला वाटले होते, जोडप्याच्या संवादातले असेल. तसे नाही. नंतर तो पुजारी होडीत बसून सुमियोशीला जातो त्या प्रवासाचे ते पद आहे. त्यात होडी आहे, शीड आहे, चंद्र आहे, भरती आहे, किनाऱ्यावरची गावे आहेत. लग्नाचा शब्दही नाही. त्यातही लोकांनी शुद्धीकरण केलेच. मूळ पदात चंद्राबरोबर 'बाहेर निघणारी' भरती आहे. लग्नात गाताना ती 'आत येणारी' किंवा 'पूर्ण भरलेली' भरती होते, कारण नवरी बाहेर निघायला नको. मूळ पदातली होडी एका गावापासून 'दूर' समुद्रातून जाते. लग्नात गाताना 'जवळ' म्हणतात. झेआमी हा जपानी नाट्यकलेचा भरतमुनी म्हणावा इतका मोठा माणूस. पण लग्नघरात त्याचाही शब्द बदलला जातो. हे वाचल्यावर माझ्या 'दुःख सरो'च्या पथ्याला एकदम मोठी सोबत मिळाल्यासारखे वाटले.

हे पद गाण्याची जबाबदारी बहुधा मध्यस्थावर किंवा वडीलधाऱ्यावर असे, आणि सगळ्यांनाच नो-गायन कुठून येणार? त्यावर जपानी राकुगोत, म्हणजे एकट्याने बसून सांगायच्या विनोदी कथांच्या परंपरेत, एक गोष्टच आहे. एका साध्या माणसाला मध्यस्थ व्हायची वेळ येते. घरमालक त्याला पद शिकवू लागतो, पण सूर काही लागत नाही. शेवटी गल्लीतला तोफू विकणारा जशी आरोळी देतो तशा सुरात म्हण, असे सांगून त्याला निभावण्यापुरते शिकवतात. पुढे लग्नात काय फजिती होते ते वाचकांनी ताडावे. आमच्याकडेही मंगलाष्टकाला हौसेने माइक हातात घेणाऱ्या काकांचा सूर भाजीवाल्याच्या सुराशी जुळलेला मी ऐकला आहे. नाव सांगत नाही, ते अजून लग्नांना येतात.

आज टोकियोतल्या रिसेप्शनमध्ये हे पद क्वचितच ऐकू येते. पण त्याची एक खूण उरली आहे. नवरानवरी ज्या उंच जागी बसतात त्या मुख्य टेबलाला अजूनही 'ताकासागो'च म्हणतात. बसणाऱ्यांपैकी कितीजणांना त्या म्हाताऱ्या जोडप्याची आठवण असते, कोण जाणे.

मधला इतिहास थोडक्यात सांगते. देवळात शिंतो पुरोहितासमोर लागणारे लग्न आपल्याला फार प्राचीन वाटते, पण ती रीत रुजली १९०० साली युवराज योशिहितो, म्हणजे पुढचे सम्राट ताइशो, यांचे लग्न राजवाड्यातल्या देवघरात लागले त्यानंतर. पुढे शतकाच्या अखेरीस चर्चसारख्या सभागृहात पांढरा झगा घालून लग्न करण्याची लाट आली. जपानात ख्रिस्ती माणसे शंभरात जेमतेम एक, पण नवऱ्या चर्चमधल्या. त्यांच्याबरोबर दोन पाश्चात्त्य सुरावटी आल्या. एक मेंडेल्सोनची, दुसरी वाग्नरची. १८५८ साली इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलीच्या लग्नात या दोन्ही वाजल्या आणि मग जगभर झाल्या.

त्या दोन्ही कुठून आल्या हे पाहायला गेले आणि थबकले. मेंडेल्सोनची सुरावट १८४२ सालची, शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' या नाटकासाठी केलेली. वाग्नरची १८५० साली रंगमंचावर आलेल्या 'लोहेनग्रिन' या ऑपेरातली. त्या ऑपेरात हे समूहगीत नवदांपत्याला शयनगृहात पोचवताना म्हणतात, आणि त्याच रात्री नवरी विचारू नये तो प्रश्न विचारते व संसार सुरू होण्याआधीच मोडतो. निम्म्या जगातल्या नवऱ्या ज्या सुरावर पाऊल टाकत आल्या ते गाणे एका मोडणाऱ्या लग्नाचे आहे!

म्हणजे पाहा, ताकासागो नाटकातले. मेंडेल्सोन नाटकातला. वाग्नर ऑपेरातला. तिन्ही लग्नाची म्हणून मानली गेलेली गाणी रंगभूमीवरून उचललेली, आणि तिघांपैकी एकही खऱ्या लग्नासाठी लिहिलेले नाही. लोकांनी ज्या खेळात ते ऐकले, जो खेळ त्यांच्या मनात घर करून राहिला, त्यातले गाणे त्यांनी लग्नघरात आणले आणि त्याला मंगल करून टाकले. मग टीव्हीवरच्या चित्रमालिकांवर वाढलेल्या मुलांनी तिथली गाणी आणली तर मी 'कार्टूनची गाणी' म्हणून नाक का मुरडावे? झेआमीच्या काळात कुणी 'तमाशातले पद लग्नात?' असे म्हटले नसेल कशावरून?

अर्थात अ‍ॅनिमेची गाणी पहिल्यापासून लग्नाजोगी नव्हती. तेझुका ओसामूची 'तेत्सुवान आतोमु' ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी सुरू झाली. तिचे शीर्षकगीत मुलांच्या वाद्यवृंदपथकाने नव्हे, साध्या बालगायकांच्या मेळ्याने म्हटलेले, नायकाचा पराक्रम सांगणारे. लिहिले मात्र तानिकावा शुंतारो या थोर कवीने, जे २०२४ साली ब्याण्णवाव्या वर्षी वारले. १९७४ च्या 'हायदी'चे गीत किशिदा एरिको या कवयित्रीने लिहिले. या दोघांचे १९५४ साली लग्न झाले होते आणि ते टिकले नाही, ही आपली बाजूची गोष्ट. असो. त्या काळातल्या बहुतेक गाण्यांत नायकाच्या किंवा यंत्रमानवाच्या नावाचा घोष असे. मिझुकी इचिरोच्या खड्या आवाजातले 'माझिंगर झेट' (१९७२) वाजवून नवरीला आत आणणे जरा धाडसाचेच झाले असते. १९७३ साली लग्नासाठी लोकप्रिय झालेले गाणे वेगळेच होते. पाठीवर ठिपके असलेले इवलेसे किडे एका छोट्या लग्नात नाचतात, असे ते 'तेंतोमुशी नो सांबा'.

बदल झाला १९८० नंतर. १९८३ साली 'कॅट्स आय' या मालिकेचे आनरी या गायिकेने म्हटलेले गाणे रेकॉर्डविक्रीत पहिल्या क्रमांकावर गेले. त्यानंतर नामवंत गायक मालिकांसाठी गाऊ लागले आणि गाण्यांतून नायकाचे नाव गळून प्रेम, प्रवास, आठवण असे विषय आले. गाणे मालिकेबाहेर स्वतःच्या पायावर उभे राहू लागले. १९९० साली 'चिबी मारुको-चान' मालिकेतल्या अर्थहीन, धमाल गाण्याला जपान रेकॉर्ड अ‍ॅवॉर्ड मिळाले. त्या वर्षांत जी मुले टीव्हीपुढे बसत ती आज नवरानवरी आहेत, किंवा नवऱ्यानवरीचे आईबाप. आणखी एक सोय आपोआप झाली. मालिकेच्या सुरुवातीचे गाणे टीव्हीसाठी दीड मिनिटाचे कापलेले असते, आणि सभागृहाच्या दारापासून ताकासागोपर्यंत चालत जायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

आता पोरीची यादी. तीत नऊ गाणी होती. सगळ्यांचे सांगत बसत नाही, अडलेल्यांचेच सांगते.

'स्पिरिटेड अवे' (२००१) या चित्रपटाच्या शेवटचे, किमुरा युमी यांनी लायर वाजवत म्हटलेले गाणे तिला प्रवेशाला हवे होते. या गाण्याची कुळकथा मोठी छान आहे. ते मुळात या चित्रपटासाठी केलेलेच नव्हते. मियाझाकींच्या मनात दुसराच एक चित्रपट होता, तो झाला नाही, आणि त्याच्यासाठी आलेले गाणे मागे राहिले. पुढे ते या चित्रपटाला मिळाले. शांत, प्रार्थनेसारखे गाणे आहे, लग्नातही वाजते. पण त्याचे शीर्षकच 'इत्सुमो नांदो देमो', म्हणजे 'नेहमी, कितीही वेळा'! जोडशब्द टाळणाऱ्या एखाद्या कडक मावशीने बोट ठेवले तर काय सांगणार? शिवाय त्यात मरणाचाही उल्लेख आहे. मी म्हटले, हे पाहुणे जमत असताना वाजव, शब्दांकडे कुणाचे लक्ष नसते.

प्रवेशाला मी सुचवले 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' (२००४) मधले हिसाइशी जो यांचे 'जीवनाचे मेरी-गो-राउंड'. ते वॉल्ट्झच्या तीन मात्रांवर फिरते आणि त्यात शब्दच नाहीत. शब्द नाहीत म्हणून दोष नाही. आपल्या सनईचे शहाणपण तेच. नवऱ्याच्या चुलतभावाने 'डेमन स्लेयर'च्या २०२० च्या चित्रपटातले लिसा या गायिकेचे 'होमुरा' सुचवले होते. त्या वर्षीचा जपान रेकॉर्ड अ‍ॅवॉर्ड त्यालाच मिळाला. पण ते चित्रपटात प्राण देणाऱ्या वीराला उद्देशून म्हटलेले निरोपाचे गाणे आहे. ते नवऱ्या मुलानेच काढून टाकले. रिसेप्शननंतर मित्रमंडळींची वेगळी मेजवानी असते, त्यात कराओके असतो, तिथे म्हण म्हणाला.

आणि आमच्याकडून एक भर पडली. पोरीचा धाकटा मामा म्हणाला, जपानी कार्टूनचीच गाणी लावायची तर मोगलीचे लावा! आमच्यातल्या कितीतरी जणांना माहीत नव्हते की १९९३ साली दूरदर्शनवर दर रविवारी ज्याच्यासाठी मुले आंघोळ लवकर उरकत, तो 'जंगल बुक' मुळात १९८९ सालची जपानी मालिका होती, निप्पॉन अ‍ॅनिमेशनची. पण तिचे शीर्षकगीत आपले. शब्द गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाजांची. म्हणजे जपानी मालिकेतले असे एक गाणे, जे कोणत्याही जपानी पाहुण्याला ओळखू येणार नाही. ते पुण्यात वाजवायचे ठरले.

पुण्यात आणि टोकियोत गाणी वाजवण्यात कायद्याचा फरक आहे हेही याच निमित्ताने कळले. त्याचा इतिहास माझ्यासारख्या शिक्षिकेला आवडावा असा आहे. १९३१ पासून विल्हेल्म प्लागे नावाचा एक जर्मन गृहस्थ जपानमध्ये युरोपीय संगीतकारांच्या वतीने मानधनाची मागणी करू लागला. पेशाने हा जर्मन भाषेचा शिक्षक! त्याने इतका तगादा लावला की रेडिओने काही काळ परदेशी संगीत वाजवणेच सोडले. १९३४ साली कायदा बदलून, रेकॉर्ड कुणाची ते सांगितले की ती फुकट वाजवता येईल, अशी वाट काढली गेली. १९३९ साली गीतकार-संगीतकारांची 'जासराक' ही स्वदेशी संस्था निघाली आणि प्लागेचा कारभार संपला. पण रेकॉर्डची ती सवलत बहुतेक ठिकाणी तशीच राहिली, ती गेली १ जानेवारी २००० पासून. आता सभागृहाने जासराकला पैसे भरायचे. त्यातही विकत घेतलेली मूळ सीडी वाजवणे वेगळे आणि गाण्याची नक्कल करणे वेगळे. नवऱ्यानवरीच्या लहानपणच्या फोटोंची जी फिल्म दाखवतात तिच्यामागे गाणे घातले की ती नक्कल झाली. त्यासाठी वेगळी परवानगी लागते, ती मिळवून देणारी एक संस्था आहे, आणि तिच्या यादीत गाणे नसेल तर प्रश्नच मिटला. पोरीचे एक गाणे अशुभ म्हणून नव्हे, तर तिने ते फोनवर उतरवलेले होते आणि सीडी बाजारात मिळेना, म्हणून गळले. एवढे इमिकोतोबा पाहणाऱ्या देशात शेवटी गाणे ठरवले ते सीडीच्या दुकानाने.

आपल्याकडे उलट. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या बावन्नाव्या कलमात १९९४ साली भर पडली. धार्मिक समारंभात गाणे वाजवणे हा भंग नाही, आणि त्यात वरात व लग्नाशी जोडलेले सामाजिक सोहळे येतात, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. तरी हॉटेले आणि संगीत कंपन्या यांचे वाद चालू असतात. जुलै २०२३ मध्ये केंद्राने लग्नात मानधन मागू नये अशी सूचना काढली. जानेवारी २०२४ मध्ये गोवा सरकारने त्याच धर्तीवर परिपत्रक काढले, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केले. कलम मात्र आहे तिथे आहे. आमचा मोगली निर्धास्त वाजला.

राहिले ते शेवटचे गाणे, ज्यावरून सगळे बिनसले होते.

जपानी रिसेप्शनच्या अखेरीस नवरी आईवडिलांना लिहिलेले पत्र सगळ्यांसमोर उभी राहून वाचते. मग आईवडिलांना फुले देतात. आपल्या पाठवणीसारखाच तो क्षण, फक्त लिहून आणलेला. पत्रानंतर, फुले देताना, तिला वाजवायचे होते 'कंट्री रोड'. 'व्हिस्पर ऑफ द हार्ट' हा १९९५ चा चित्रपट, दिग्दर्शक कोंदो योशिफुमी. पश्चिम टोकियोच्या टेकड्यांवरच्या वस्तीत राहणाऱ्या, लिहिण्याची ओढ असलेल्या एका शाळकरी मुलीची गोष्ट. तिथल्या सेइसेकी-साकुरागाओका स्टेशनवर २०१२ पासून गाडीच्या वेळी याच गाण्याची धून वाजते. पोरीचे घर त्याच लाइनवर, आणि पहिल्या वर्षी एकटी असताना ती धून ऐकून आपण रोज रडत असू, असे तिने मला नंतर सांगितले.

सुरावट मुळात अमेरिकन, १९७१ सालची, जॉन डेन्व्हरने प्रसिद्ध केलेली. ते घरी परत जाण्याच्या ओढीचे गाणे. पण चित्रपटातली मुलगी त्याचे जपानी भाषांतर करायला बसते आणि तिचे गाणे उलट्या दिशेला जाते. गाव आठवते, रस्ता आठवतो, जावेसे वाटते, पण जायचे नाही असे ती ठरवते. म्हणजे 'परत जाणे' हा वर्ज्य शब्द आहेच, आणि वर नकारही आहे. सासरच्या दृष्टीने परम शुभ म्हणावे, नवरी परत जाणार नाही म्हणते! आणि माहेरच्या दृष्टीने? माझी बहीण बोलली तेच. चित्रपटाचा शेवट मात्र पहाटे टेकडीवर होतो, आणि तिथे तो मुलगा तिला लग्नाची मागणी घालतो. नात म्हणत होती, म्हणूनच तर हे गाणे लग्नाचे आहे.

कुणाची बाजू घ्यावी मला कळेना. शब्द तपासणारी म्हणून माझे मत बहिणीकडे झुकत होते, हे कबूल करते. मी पोरीला फोन केला आणि नुसती धून वाजव असे सुचवले, होडी 'दूर'ऐवजी 'जवळ'ने नेतात तसे काहीतरी. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजी, शब्द काढले तर मी हे गाणं का लावलं ते आईला कळणारच नाही. मी इथेच राहणार आहे. ते मला तोंडाने सांगता येत नाहीये."

यावर मी काय बोलणार? मी बहिणीकडे गेले. गाण्याचे काही बोलले नाही. तिला ताकासागोच्या म्हातारा-म्हातारीची गोष्ट सांगितली, एक या किनाऱ्यावरचा, एक त्या, मध्ये समुद्र. तिने भाजी निवडता निवडता ऐकली. शेवटी एवढेच विचारले, "मग ती सुया कुणाच्या अंगणातल्या झाडत होती? त्याच्या की तिच्या?" मी म्हटले, तिच्या. "बरं," म्हणाली, आणि विषय तिथे राहिला. गाणे शब्दांसकट वाजवायचे ठरले.

मी काही टोकियोला गेले नाही, गुडघे परवानगी देत नाहीत. बहीण गेली. आठ दिवसांनी परत आली ती जपानी चहा आणि सुरकुतलेली गोड आलुबुखारे घेऊन. पत्राच्या वेळी काय झाले ते तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. बाकी सगळे सांगितले. सुरी केकमध्ये कशी 'प्रवेशते', नवरी मध्येच उठून कपडे बदलून कशी येते, व्याह्यांनी पुण्याच्या आठवणीने मोगलीची धून शिट्टीवर कशी वाजवून दाखवली. मग म्हणाली, "शेवटी तो माइकवाला काहीतरी बोलला आणि सगळे उठले. मी पोरीला विचारलं, काय म्हणाला गं? तर म्हणे, 'उघडलं' म्हणाला."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, आम्ही वाढवलं म्हणतो."